पदराआडची आकडी

वत्सलाबाईंचा जांभळा पदर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पसरला आणि डॉक्टर योगिनींनी माऊस आपटला.

"बघा. एवढंच आलंय. नुसती साडी."

पडद्याच्या वरच्या भागात तृप्तीच्या मेंदूच्या रेघा पिसाळल्यासारख्या नाचत होत्या. खाली कॅमेऱ्याने टिपलेली खाट होती आणि खाटेवर तृप्ती असायला हवी होती. पण फिट सुरू होताच आई उठली आणि पदर सोडून तिने लेकीला पार झाकून टाकलं. मान कुठे वळली, कोणता हात आधी वाकडा झाला, डोळे कुठे फिरले, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि तेच बघायला तर तृप्ती सातपूरहून गंगापूर रोडच्या या दवाखान्यात येऊन, गोळ्या बंद करून, डोक्याला तारा चिकटवून पडून राहिली होती.

"रेघा आणि चित्र जुळल्याशिवाय फिट कुठून सुरू होते ते कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते कळल्याशिवाय ऑपरेशन नाही. केस अवघड आहे, म्हणून ही नोंद मी बाहेरच्या संशोधकांना पाठवणार होते. ते अशा पुष्कळ फिट्स शेजारी शेजारी ठेवून बघतात. आता काय पाठवू? साडीचा काठ?"

तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?"

"मग काय उघडी पडू द्यायची व्हती तुला?" वत्सलाबाई उसळल्या. "त्या कॅमेऱ्यामागं कोन बसलंय, काय म्हाईत!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. शाळेच्या मैदानात, मावशीच्या लग्नात, येवल्याच्या एसटी स्टँडवर, जिथे आकडी तिथे हा पदर हजर. लोकांना सांगायचं, पित्त आहे, उपास सोसला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा वत्सलाबाईंचा हिशेब. त्या मुठीत पोरगी घुसमटते आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मध्यंतरी तृप्ती कारखान्यात ग्राइंडरपाशी कोसळली, हात थोडक्यात वाचला. तेव्हाही आईने जाऊन मालकाला उपासच सांगितला.

तृप्ती दर वेळी शुद्धीवर यायची ती फोडणीचा वास येणाऱ्या त्या अंधारात. मी नेमकं काय करते, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "काय नाय करत. झोपतीस." स्वतःचीच आकडी तिने कधी पाहिली नव्हती. याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

घरी आल्यावर भांडण आणखी पेटलं.

"डोक्यातलं परक्याला देत्यात व्हय? उद्या त्याच्यातनं काय काय निघंल!"

"विचार नाही निघत त्यातून. नुसती वीज निघते."

"वीज असू दे नायतर इचार. ते डोकं माझ्या पोटातनं आलंय."

"आलं तेव्हा आलं. आता ते माझं आहे आणि संमतीच्या कागदावर सही मी केलीये. ऑपरेशन झालं नाही आणि पुढच्या वेळी हात गेला, तर तो काय पदराखाली झाकशील?"

वत्सलाबाईंनी परातीतली कणीक अशी बुकलली की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

पुन्हा दाखल व्हायचं ठरलं. सोबत घरची बाई हवीच, हा दवाखान्याचा नियम. तृप्तीला आई नको होती, पण दुसरी आणणार कुठून? आजार कुणाला सांगितलाच नव्हता, तर रात्रंदिवस बसायला बोलवायचं कुणाला? आईच्या झाकाझाकीने शेवटी आईच गळ्यात पडली.

"पदर खोचायचा," तृप्तीने दवाखान्याच्या दारातच बजावलं. "सोडलास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

वत्सलाबाईंनी पदर कमरेला असा खोचला, जसा नळावर भांडायला निघताना खोचतात. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. आई भिंतीकडे तोंड करून डबा खायची आणि लेक डोक्यावरच्या तारा सांभाळत छताकडे बघायची. नर्ससुद्धा त्या खोलीत पाऊल टाकताना बिचकायची.

मग एका दुपारी तृप्तीने डोळे उघडले तर वर जांभळा अंधार नव्हता, पांढरी ट्यूबलाइट होती. जीभ चावली गेली होती. आई भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आली?" तृप्तीने कसंबसं विचारलं.

"आली," एवढंच म्हणून वत्सलाबाईंनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर योगिनी खुशीत होत्या. "उत्तम नोंद मिळालीये. आता विचार करा. संशोधकांना पाठवताना चेहरा पुसट करता येतो, पण मग डोळे कुठे फिरले ते त्यांना दिसणार नाही."

"चेहऱ्यासकट पाठवा," तृप्ती आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला कसली लाज नाही."

"आधी बघून घ्या, मग सांगा."

व्हिडिओ सुरू झाला. खाटेवरच्या मुलीची मान डावीकडे पिळत गेली. डोळ्यांची बुबुळं नाहीशी झाली. डावा हात आखडला, मग सगळं अंगच खाटेवर आपटायला लागलं. ओठांतून लालसर फेस आला आणि घशातून जनावराचा निघावा तसा आवाज. गाऊन ओला झाला. कोपऱ्यात वत्सलाबाई दिसत होत्या. दोन्ही मुठींत कमरेचा पदर घट्ट धरून, पापणीही न हलवता त्या बघत होत्या.

तृप्तीला भडभडून आलं. ही आपण? इतकी वर्षं लोकांसमोर हीच आपण? पडद्यावरून नजर काढायला तिने मान वळवली. तिचा हात आपसूक बाजूला गेला आणि आईचा पदर चाचपायला लागला.

वत्सलाबाईंनी तो हात झिडकारला. पदर अजून खोचलेलाच होता.

"आता न्हाय," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं एकटीनं बघितलं मी. आता तू बघ."

तृप्तीने शेवटपर्यंत बघितलं. मग ओढणीने नाक पुसलं आणि आईकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "पाठवा. चेहऱ्यासकट."