दीनाच्या 'त्यांच्यासाठी' प्रार्थना

निकिता रविवारी दुपारी नगरच्या एसटीत बसली आणि परत आलीच नाही. ते राहू द्या. असं काही घडलेलं नाही. राहात्यात सगळं ठीक आहे, आणि दीना घरी बसून परदेशी प्रेमकथांच्या कॉमिक्सचं मराठी करते आहे.

सध्याच्या कॉमिकमध्ये रिन नावाचं पात्र होतं. ते बाई की पुरुष, हे शेवटच्या भागापर्यंत कळू द्यायचं नाही, अशी कंपनीची ताकीद. मराठीत माणूस नुसता घरी 'आला' किंवा 'आली' म्हटलं तरी पकडला जातो. म्हणून दीनाने रिनला कुठे येऊ-जाऊच दिलं नाही. त्यांनी दार उघडलं, त्यांना हुंदका आवरेना, त्यांचा हात थरथरला. चाळीस भाग रिनने दारं उघडली, आत पाऊल म्हणून टाकलं नाही.

हीच युक्ती तिने घरी लावली. नगरच्या औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या निकितावर तिचं दोन वर्षं प्रेम होतं.

"कुनाचा फोन गं?" आई विचारायची.

"त्यांचा. त्यांना आज सुट्टी नाही."

आई, म्हणजे गोजरबाई, लाजायची. तिने जन्मभर नवऱ्याला 'त्यांना'च म्हटलं. नाव पहिल्यांदा उच्चारलं ते थडग्यावरचं वाचताना. लेक रीत पाळते म्हणून ती खूश होती. नाव तिने विचारलंच नाही.

त्या रविवारी निकिता 'मैत्रीण' म्हणून पहिल्यांदा आली आणि चर्चमध्ये मायलेकींच्या मधे बसली. पाळक सायमन पेटीतल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचू लागले. तिसरी गोजरबाईची निघाली.

"आमच्या दीनाच्या होणाऱ्या यजमानांसाठी. प्रभू, त्यांना दारूपासून दूर ठेव, त्यांची नोकरी पक्की कर, आणि त्यांना एकदा घरी पाठव."

सगळे "आमेन" म्हणाले. सर्वांत मोठ्याने निकिता.

जेवताना गोजरबाईने तिला आग्रहाने मटण वाढलं. "खा पोरी. जावयाला बी असंच वाढीन. तू तर बघितलं असशील त्येंना. कसे हायेत?"

"दीनाला विचारा ना, मावशी."

निकिताने हातातला घास ताटात ठेवला. दोघी दीनाकडे बघत राहिल्या.

"त्यांना मटण आवडतं," दीना म्हणाली.

स्टँडवर निकिता म्हणाली, "रिनचं निदान शेवटच्या भागात तरी कळेल. एक नाव घ्यायचं होतं, दीना."

दीनाने एसटीचा दरवाजा उघडून धरला. निकिता चढली, बसली, गेली.

बुधवारपर्यंत तिचा फोन बंदच.

"त्येंचा फोन न्हाई आला व्हय?" गोजरबाई म्हणाली. "परत चिठ्ठी टाकू का?"

"राहू दे आई. मीच टाकते."

'प्रति, मा. पाळकसाहेब. विषय: प्रार्थनेत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, गेल्या रविवारची प्रार्थना ज्या इसमासाठी झाली, सदर इसम अस्तित्वात नाही. तरी ती निकिता हिच्या नावे वळती करून पुन्हा मोठ्याने वाचण्यात यावी, माझ्या आईचे "आमेन" कायम ठेवण्यात यावे, तसेच त्या दिवशीची दुपारची राहाता-अहिल्यानगर एसटी मागील तारखेपासून रद्द समजण्यात यावी, ही नम्र विनंती.'