आगगाडीचा पाठ

"आई, उद्या पयलीवर माझा पाठ हाय. कॉलेजचे केसरीनाथ सर स्वतः बघायला येनार. सुरवात कशानं करू?"

उन्नती वही घेऊन सासूच्या पुढ्यात बसली होती. जानकीबाई सुके बोंबील साफ करत होत्या.

सून भिवंडीच्या कॉलेजात डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि सरावाला तिला नेमकी गावचीच, शेलारची शाळा मिळालेली. त्याच आवारात जानकीबाईंची अंगणवाडी. पहिलीतली सव्वीसच्या सव्वीस पोरं गेल्या साली त्यांच्याच हाताखालून गेली होती. तेव्हा सुनेनं विचारलं यात वावगं काहीच नव्हतं. वावगं होतं ते जानकीबाईंच्या पोटात.

ओटीवर जानकीबाईंचे सासरे तुळशीराम शेजाऱ्याला ऐकवत होते, "आमची नातसून मास्तरीन व्हनार! घरान्यातली पयली!"

हेच ते तुळशीराम. तीस वर्षांमागे नव्या सुनेचं नाव डी.एड.च्या यादीत लागलं, तेव्हा याच ओटीवर बसून म्हणाले होते, "चुलीला डी.एड. लागत न्हाय." जानकीबाईंचं डी.एड. तिथंच राहिलं. पुढे गावात अंगणवाडी आली, तिच्यावर त्यांनी समाधान मानलं. म्हणजे लोकांना तसं वाटलं.

आता त्यांचा मुलगा मनोज काल्हेरच्या ड्युटीला जाताजाता बायकोला बाइकवरून कॉलेजात सोडायचा. घरभर तक्ते वाळत पडायचे आणि सासूनं ते ओलांडत फिरायचं. सुनेच्या साडीला इस्त्रीही जानकीबाईच करायच्या, आणि अंमळ जास्तच दाबून करायच्या. मत्सरच होता तो. देवापुढे उभ्या राहिल्या तरी जायचा नाही.

"आगगाडी कर," त्या म्हणाल्या. "येकामागं येक उबं करायचं, गानं म्हनायचं. पोरांना लय आवडते."

यात खोटं अक्षर नव्हतं. फक्त अंगणवाडीची आगगाडी रोज एकदाच, जेवणाच्या वेळेला निघायची, आणि खिचडीच्या पातेल्यापाशी जाऊन थांबायची. हे त्यांनी सांगितलं नाही. उन्नतीनं भाबडेपणानं वहीत 'आगगाडी' लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पहिलीच्या वर्गातून गाडीची शिट्टी ऐकू आली. जानकीबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. त्यांची अठरा बारकी पोरं ताटल्या घेऊन बसलीच होती. बघता बघता गाडी वर्गाच्या दारातून बाहेर पडली.

"अरे थांबा! वर्गात चला!" उन्नती मागून ओरडत होती. गाडी कसली थांबते! पटांगण ओलांडून ती थेट अंगणवाडीत शिरली. सव्वीस पोरं आपापल्या जुन्या जागी मांडी घालून बसली आणि हात पुढे करून ओरडली, "ताई, खिचडी!"

जानकीबाईंचा ऊर भरून आला. माझी पोरं! गेली कुठे, आली शेवटी माझ्याकडेच!

मग दारात उन्नती दिसली. घामाघूम, चेहरा पांढराफटक. तिच्या मागे नुकतेच फाटकातून आत आलेले, निरीक्षणाची वही घेतलेले केसरीनाथ सर. उन्नतीनं पोरांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि मग सासूकडे पाहत राहिली. तिला सगळं कळलं. जानकीबाईंनी नजर खाली वळवली.

उन्नतीनं पदर खोचला आणि पोरांसमोर खाली बसकण मारली.

"गाडीतून किती मानसं उतरली? मोजल्याबिगर खिचडी न्हाय!"

पोरं मोजायला लागली. सव्वीस भरली. "आई, ताटल्या द्या. वीसच." जानकीबाईंनी मुकाट दिल्या. "आता सांगा, किती जनांना न्हाय मिळाली?" ताटली न मिळालेल्यांनी बोंब मारली, मोजणाऱ्यांनी बोटं मोजली, आणि कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "सहा!" मग चार ताटल्या काढून घेतल्या, दोन परत दिल्या. पोरं वजाबाकी शिकत होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

बयेला येत होतं. जानकीबाईंना हेच जास्त झोंबलं. आपल्याला असं जमलं असतं का, हा प्रश्न तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात आला. उत्तराच्या वाटेला त्या गेल्या नाहीत.

मोजून झालं, उरलेल्या ताटल्या वाटल्या, सव्वीस जणांना डावभर खिचडी मिळाली. सर खूश होते. "पोरांना खऱ्या ताटल्यांपाशी आणलंत! कल्पना कोणाची?"

"आईंची," उन्नती म्हणाली.

सर जानकीबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही शिक्षिका व्हायला हवं होतं."

हे एक वाक्य ऐकायला जानकीबाईंनी जन्म काढला होता. त्यांना साधं हसताही आलं नाही.

सर सहीला मुख्याध्यापकांकडे गेले. उन्नती खाली वाकून ताटल्या गोळा करू लागली.

"पोरं हिकडं पळनार, मला म्हाईत व्हतं," जानकीबाई हळूच म्हणाल्या.

"कळलं मला, आई," उन्नती म्हणाली. आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. तिनं ताटल्या मोरीपाशी ठेवल्या, टाळी वाजवली. सव्वीस पोरं उठून तिच्या मागं वर्गात गेली. मागं वळून एकानंही पाहिलं नाही.

अठरा बारकी पोरं रिकाम्या ताटल्या मांडीवर घेऊन अजून बसलीच होती. जानकीबाईंनी पातेलं तिरपं केलं आणि तळाची खिचडी खरवडून थोडी थोडी सगळ्यांना वाढायला घेतली.