साडेपाचची बस आणि सलोखा

बोम्मसंद्र्यातल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याची बस संध्याकाळी साडेपाचला सुटते आणि जयनगरला जाते. यात विशेष काही आहे असं कुणाला वाटणार नाही. निहारलाही वाटलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

या बसचे शेवटचे दोन बाक समोरासमोर आहेत. बस बांधणाऱ्याने ते असे का बसवले हे त्यालाच ठाऊक, पण मेंढीकोट खेळायला त्याहून चांगली सोय नाही. मध्ये चौघांच्या गुडघ्यांवर गुरुराजची ब्रीफकेस आडवी पडायची आणि फॅक्टरीचं फाटक ओलांडायच्या आत पत्ते वाटून व्हायचे. या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात, आणि चारही मेंढ्या पळवल्या की समोरच्यांवर कोट. गुरुराज स्टोअर्समधला, त्याची भिडू कल्पना अकाउंट्समधली. विरुद्ध बाजूला खरेदी विभागातल्या वसुमतीअक्का आणि त्यांचे भिडू, क्वालिटीचे सुधींद्र. चौघांचीही घरं बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेली, की मराठी उरली होती ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि या ब्रीफकेसवर.

"अक्का, मेंढी धरून बसलाय होय?" गुरुराज म्हणायचा. "सोडा की बाहेर, स्वल्प गवत खाऊ दे बिचारीला."

"तुझ्या दारात चरायला? मग परत येते होय ती?"

"सुधींद्र, तुम्ही तरी सांगा यांना. बदामाची दश्शी यांच्याकडंच आहे, तोंडावर लिहिलंय."

"तू पत्ते बघ रे, तोंडं नको बघू," कल्पना भिडूवरच खेकसायची. "मागल्या डावात तोंड बघत बसलास आणि एक्का वाया घालवलास."

वसुमतीअक्कांना ऑफिसात दिवसभर सगळे विचारायचे, "अक्का, माल कुठंय?" घरी पाऊल टाकलं की सगळे विचारायचे, "अम्मा, जेवण कुठंय?" मधल्या दीड तासात त्यांच्याकडे कुणी काही मागत नसे. रोजच्या जगण्यातला एवढाच तुकडा त्यांच्या नावावर होता, आणि होसूर रोडची वाहतूक तुंबली की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. सिल्क बोर्डच्या चौकात खोळंबून खूश होणारी बेंगळुरातली ती एकमेव बाई असावी.

अशात कारखान्याला निहार मिळाला.

निहार पुण्याहून आलेला, राहायला बेळ्ळंदूरला. पूर्वी त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पर्सोनेल मॅनेजर म्हणत आणि तो रजेचे अर्ज नामंजूर करत असे. निहारच्या दारावर 'पीपल अँड कल्चर' अशी पाटी लागली. त्याला बेळ्ळंदूरच्या मुख्य कचेरीत जायचं होतं, आणि बोम्मसंद्र्यात काहीतरी करून दाखवल्याशिवाय तिथे कुणी बोलावणार नव्हतं. म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात खिडकीशी उभं राहून निरीक्षण केलं. साडेपाचचा भोंगा झाला की माणसं आग लागल्यासारखी बसकडे धावतात, हे त्याने पाहिलं. बसमध्ये काय होतं हे पाहायला त्याला बसमध्ये चढावं लागलं असतं, आणि त्याच्याकडे गाडी होती.

"गाईज," त्याने कँटीनमध्ये सगळ्यांना जमवून सांगितलं, "बेसिकली, तुमच्यात बाँडिंगच नाहीये. काम संपलं की लगेच घर! एकमेकांना ओळखतच नाही आपण. आणि प्लीज, मला सर म्हणू नका. नुसतं निहार."

"सरी, निहार सर," गुरुराजने कानडीत होकार भरला.

"सो क्यूट! तुमचं मराठी ना, फार स्वीट आहे. थोडं चुकतं, पण स्वीट आहे."

ज्या घरांत हे मराठी साडेतीनशे वर्षं बोललं जात होतं, त्या घरांतली माणसं नम्रपणे हसली. पगाराची तारीख जवळ होती.

अशा रीतीने 'थर्सडे अनवाइंड' सुरू झालं. दर गुरुवारी साडेपाच ते सात कँटीनमध्ये मोकळेपणा. ऐच्छिक. बस मात्र सातला सुटणार, त्यामुळे ज्याला इच्छा नसेल त्याने ती फाटकापाशी उभं राहून नसू द्यावी.

पहिल्या गुरुवारी पुदिन्याची पानं घातलेलं हिरवं सरबत वाटण्यात आलं आणि सगळ्यांना गोलात उभं केलं गेलं. प्रत्येकाने स्वतःबद्दल असं काहीतरी सांगायचं, जे इथे कुणालाच माहीत नाही. अडचण अशी झाली की तिथे तसं काही शिल्लकच नव्हतं. डिस्पॅचचे भीमाचार्य बराच वेळ विचार करून म्हणाले, "मला मूळव्याध आहे."

"ते माहिती आहे, अण्णा," दोघंतिघं एकदम म्हणाले.

गुरुराजची पाळी आली. "माझ्याबद्दल कुणालाच माहीत नाही असं मलाही माहीत नाही सर. कल्पनाला विचारा, तिला असेल."

कल्पना म्हणाली, "हा घोरतो. बसमध्ये. पण तेही सगळ्यांना माहितीच आहे."

निहारने टाळ्या वाजवल्या. "सी? ओपन अप होताय तुम्ही!" आणि त्याने फोटो काढले. फोटोत सगळे हसताना दिसावेत म्हणून तीनदा काढले.

सातला बस सुटली तेव्हा अंधार पडला होता. गुरुराजने ब्रीफकेस आडवी टाकली, कल्पनाने पत्ते पिसले, आणि देवाप्पाने आतला दिवा बंद केला. देवाप्पा ड्रायव्हरचं म्हणणं साधं होतं: आतला दिवा समोरच्या काचेवर चमकतो, रस्ता दिसत नाही. पत्ते दिसावेत म्हणून चाळीस माणसांना लॉरीखाली घालायची त्याची तयारी नव्हती. मोबाइलच्या उजेडात एक डाव खेळून पाहिला. त्यात सुधींद्रांनी किल्वरला इस्पिक समजून आपल्याच हाताने मेंढी गुरुराजच्या पदरात टाकली. अक्का त्यांच्याशी जयनगर फोर्थ ब्लॉकपर्यंत बोलल्या नाहीत.

महिन्याभरात मोकळेपणाचं यश इतकं वाढलं की मंगळवारही जोडण्यात आला. त्यानंतर निहारने सूचना केली की सोमवारीसुद्धा लोक एकटे पडतात.

अक्का रात्री आठनंतर घरी पोचू लागल्या. घरचे पूर्वी जेवण कुठंय विचारायचे, आता 'अम्मा, तू कुठं होतीस?' असंही विचारू लागले. "मजा करत होते," त्या सांगायच्या. ते ऐकून नवरा काळजीत पडायचा.

"माझा दीड तास गेला," एका मंगळवारी त्या अंधारातच म्हणाल्या. "दुसरं काही मागितलं नव्हतं मी या कंपनीकडं. मी तक्रार करणार. पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसातून ती श्रीविद्या मॅडम येतायत ना, तिच्या तोंडावर सांगणार."

"अय्यो, चुकूनसुद्धा नको," सुधींद्र म्हणाले. क्वालिटीत बावीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कंपनी कशी चालते याची बरीच कल्पना होती. "तक्रार केली की त्याला इथंच ठेवतील. सुधारायला. मग बुधवारपण गेला समजा."

"मग करायचं काय?"

"स्तुती करायची. इतकी करायची, की असला माणूस बोम्मसंद्र्यात ठेवायची त्यांना लाज वाटली पाहिजे. त्याला बेळ्ळंदूरला जायचंय. आपण धक्का द्यायचा."

"या सुधींद्रांना बघा," गुरुराज खूश होऊन म्हणाला. "पत्त्यांत एवढं डोकं चालवलं असतं तर अक्का बोलल्या असत्या तुमच्याशी."

ठरलं. पुढचा आठवडाभर लोक निहारकडे बघून आपणहून हसू लागले. भीमाचार्यांनी तर सरबत दुसऱ्यांदा मागून घेतलं.

श्रीविद्या मॅडम जयनगरातच वाढलेल्या, घरी हेच मराठी. त्यांनी बसवाल्या चौघांना मीटिंग रूममध्ये बोलावलं, चहा मागवला आणि सरळ विचारलं, "अक्का, खरं सांगा. या निहारच्या कार्यक्रमांनी काही फरक पडला?"

वसुमतीअक्कांनी आयुष्यात सप्लायर सोडून दुसऱ्या कुणाला कधी थाप मारली नव्हती. पण समोर दीड तास होता.

"फरक?" त्या म्हणाल्या. "मॅडम, पूर्वी आम्ही एकमेकांची तोंडं बघत नव्हतो."

"खरंच?"

"हा गुरुराज. वीस वर्षं एका बसनं जातोय, मला याचं नाव माहीत नव्हतं."

गुरुराजने मान खाली घातली. श्रीविद्या मॅडमना तो भावनाविवश झालाय असं वाटलं.

"आणि आता?"

इथे थांबायला हवं होतं. सुधींद्रांनी टेबलाखालून पायही लावला. पण अक्कांना खोटं बोलण्याचा सराव नसल्यामुळे, खोटं कुठे पुरे करायचं याचाही सराव नव्हता. "आता काय सांगू! बसमध्ये बसलो की चेष्टा काय, भांडणं काय. मेंढीकोट खेळतो आम्ही! चौघं मिळून. ते सगळं निहार सरांनी शिकवलं."

"मेंढीकोट? निहारने?"

"होय की. पत्ते कसे धरायचे इथपासून."

श्रीविद्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे पाणावले होते म्हणतात. "माझे अज्जा खेळायचे," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांत निहार बेळ्ळंदूरला गेला. निरोपाच्या भाषणात तो म्हणाला की बोम्मसंद्र्याने त्याला माणसं वाचायला शिकवलं. टाळ्या इतका वेळ चालल्या की त्याला दोनदा खाली वाकावं लागलं. गुरुवार, मंगळवार बंद झाले. बस पुन्हा साडेपाचला सुटली, होसूर रोडवर लखलखीत ऊन होतं, आणि पहिल्याच दिवशी अक्कांनी गुरुराज-कल्पनाला कोट चढवला. चारही मेंढ्या खिशात. "नाव काय म्हणालात तुमचं?" त्या गुरुराजला जयनगरपर्यंत विचारत राहिल्या.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. मग बेळ्ळंदूरहून खोकं आलं.

त्यात कंपनीचं बोधचिन्ह छापलेले पत्ते होते, बसमधल्या प्रत्येक बाकासाठी एक जोड. सोबत निहारची चित्रफीत. तो आता सगळ्या कारखान्यांच्या कल्चरचा प्रमुख झाला होता, आणि मेंढीकोट हा त्याचा कार्यक्रम होता. कंपनीच्या सगळ्या बसमध्ये, सगळ्यांनी, रोज. बोम्मसंद्र्याच्या बसची कॅप्टन म्हणून, अर्थातच, वसुमती.

"आणि गाईज, दोन छोटे बदल," चित्रफितीतला निहार म्हणत होता. "भिडू रोज बदलायचा, म्हणजे नवीन ओळखी होतील. आणि एकमेकांना टोमणे नकोत, पॉझिटिव्ह बोलायचं. शेवटी ज्याच्याकडे मेंढ्या जास्त असतील त्याने त्या समोरच्यांना वाटून द्यायच्या. कारण आपण सगळेच विनर आहोत, राइट?"

पहिल्या दिवशी अक्कांच्या वाट्याला भिडू म्हणून भीमाचार्य आले. त्यांना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या घरी पत्त्यांना हात लावणं पाप होतं, आणि ते नोकरीसाठी पाप करत आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. समोर गुरुराज होता. अक्कांनी त्याची राणी राजाने मारली.

"छान खेळलात, अक्का," गुरुराज म्हणाला.

"थँक्यू," अक्का म्हणाल्या. "तूही छान हरलास."

"हे टोमण्यात येतं का?" पलीकडच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

रोज सिल्क बोर्डपाशी कॅप्टन म्हणून अक्कांना उठून बसचा फोटो काढावा लागायचा आणि ग्रुपवर टाकावा लागायचा. कोण खेळत नाही हे निहार फोटोतून हेरायचा आणि प्रेमाने विचारायचा: 'सुधींद्र आज शांत का? ऑल ओके?' तीन आठवड्यांत गुरुराज बसमध्ये चढताना ब्रीफकेस विसरू लागला. कल्पनाच्या कानात गाणी असायची. आणि अक्कांच्या लक्षात आलं की आता या दीड तासातही सगळे त्यांच्याकडे काहीतरी मागतात: नवा भिडू, बाकाची अदलाबदल, एक हरवलेला चौकटचा गुलाम.

बोम्मसंद्र्याला मेट्रो येऊन बरेच महिने झाले होते. बसवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं; तिच्यात ब्रीफकेस आडवी टाकता येत नाही. एका बुधवारी अक्कांनी देवाप्पाला सांगितलं की डोकं दुखतंय, भाचा घ्यायला येणार आहे, आणि त्या मागच्या फाटकाने निघाल्या. तिकीट काढलं, सरकत्या जिन्याने वर गेल्या.

फलाटाच्या टोकाला खांबाआड गुरुराज उभा होता. मोबाइलमध्ये इतकं डोकं खुपसून, की त्याने त्यांना पाहिलं होतं हे उघड होतं. अक्का जाहिरातीच्या फलकामागे सरकल्या, तर तिथे ओढणी डोक्यावरून घेतलेली कल्पना होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही एकाच वेळी रुळांत काहीतरी महत्त्वाचं दिसलं. जिन्यावरून सुधींद्र वर आले, तिघांना बघून वळले, पण जिना वरच जाणारा होता.

हाक मारायला काहीच हरकत नव्हती. पण हाक मारली असती तर चौघं एकत्र आले असते, आणि एकत्र येणं हे आता ऑफिसचं काम होतं. साडेपाच तर वाजून गेले होते.

गाडी आली. चौघं चार डब्यांत चढले.

अक्कांना बसायला जागा मिळाली नाही. कुणी काही मागितलं नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे मोबाइल वाजला: 'वसुमती, आजचा फोटो?' त्यांनी मागच्या आठवड्यातला एक शोधला, ज्यात सगळे पत्ते धरून हसत होते, आणि टाकला.

'सुपर एनर्जी!!' निहारने लिहिलं.

त्याखाली लगेच गुरुराजचा अंगठा आला. मग कल्पनाच्या टाळ्या. थोड्या वेळाने, बहुधा पलीकडच्या डब्यात रेंज आल्यावर, सुधींद्रांचं गुलाबाचं फूल.