शेगडीशेजारी वाकलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हातभर लांब, करंगळीहून अरुंद. माझा जन्म इटलीतल्या किओज्जा बंदराच्या धक्क्यावर, होड्या बांधणाऱ्या कारखान्यात झाला. मला वाकवून सुतार होडीच्या पोटाची रेघ ओढत. एकदा मी इतकी सुबक रेघ दिली, की ती होडी बांधून होण्याआधीच पोहायला निघाली, असं तिथले लोक सांगतात. निदान मी तरी सांगते.

पुढे त्याच सुतारांपैकी एकाच्या भाच्याने, प्रोफेसर फ्रासोन यांनी, मला डोंगरावरच्या वेधशाळेत आणलं. तिथे फुटणाऱ्या ताऱ्यांवर नजर ठेवत. असा तारा काही दिवस उजळत जातो, शिखर गाठतो, मग विझत जातो. काचेवर टिपलेल्या छायाचित्रांतून त्याचा उजेड मोजायचा आणि कागदावर त्या रात्रीचा ठिपका द्यायचा, जितका उजेड तितका उंच. पण ऐन शिखराच्या वेळी हमखास ढग येत. मग मला ठिपक्यांवर वाकवून शिशाच्या वजनांनी दाबत. मधल्या रिकाम्या जागेत शिखर कोणत्या दिवशी आणि किती उंच, हे माझी कंबर सांगे. पाहुणे वाहवा करत. मी ऐकून घेई.

एका ताऱ्याची रेघ प्रोफेसरांना फार आवडली. त्यांनी मला तशीच वजनांखाली ठेवली, शेगडीशेजारी, अख्खा हिवाळा. नंतर आलेला प्रत्येक तारा त्याच वळणाने फुटला! "सगळी एकाच आईची लेकरं," प्रोफेसर खुशीत म्हणत.

मग निवेस रिगोनी ही विद्यार्थिनी आपला तारा घेऊन आली. त्या एका ताऱ्यावर तिची पदवी अडली होती. तिचे शिखरानंतरचे ठिपके भराभर खाली उतरत होते.

"पट्टी बसत नाही ना? मग ते ठिपके खोटे," प्रोफेसर म्हणाले. "खोडून टाक, पोरी."

"नाक गोठेपर्यंत दुर्बिणीशी उभी होते, प्रोफेसर. माझं नाक खोटं बोलत नाही."

"नाकावर पदवी देत नाहीत."

निवेसने रागारागाने एकेक वजन उचललं. शेवटचं उचललं, तरी मी गाढवाच्या पाठीसारखी वाकलेलीच.

"आता हिला कोण धरतंय?" तिने विचारलं.

प्रोफेसरांनी मला उचलून एका जुन्या ताऱ्याच्या रेघेवर ठेवलं, मग दुसऱ्याच्या; दोन्हींवर मी तंतोतंत बसले. "म्हणजे माझे इतके सगळे तारे..."

"आधी माझा," निवेस म्हणाली.

तिने मला पोलेंटाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट पेजेच्या, रटरटत्या पातेल्यावर वाफवलं आणि फळीखाली सरळ केलं. मग तिच्या ताऱ्याचं शिखर जरा आधी आणि बरंच खाली निघालं, आणि सगळे ठिपके रेघेवर बसले. पदवी मिळाली. प्रोफेसरांनी जुने तारे पुन्हा काढायला घेतले. कुणी उंच निघाला, कुणी बुटका. एकसारखे नव्हतेच ते.

आता रेघा संगणक ओढतो. मी कपाटावर धूळ खाते, तक्रार नाही. पण त्यालाही जुन्या ताऱ्यांच्या रेघा दाखवूनच शिकवलंय म्हणे. म्हणून मित्रांनो, काम संपलं की वजनं उतरवा, पट्टी सपाट ठेवा. नाहीतर एखादा अगदी नवा तारा येईल, आणि आपण त्यालाच खोटा ठरवू.