स्वेटरातली बाटली

डॉक्टर कोठावदेंनी मोबाइल साधनाच्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर प्लास्टिकची हिरवी पाती, प्लास्टिकची कमळं, शिवाय एक प्लास्टिकचा पडका किल्ला.

"बघा साधनाताई, काय टवटवीत दिसतं! धुतलं की झालं. सडायचं नाव नाही."

साधना कोपरापर्यंत हात टाकीत घालून सडकी पानं वेचत होती. गंगापूर रोडवरच्या या दाताच्या दवाखान्यात ती दर बुधवारी माशांची टाकी साफ करायला यायची. नाशकात अशा बावीस टाक्या तिच्याकडे होत्या आणि त्यातल्या एकवीस टाक्यांत प्लास्टिकच होतं. लोकांना हिरवं हवं असतं. पण ते वाढलेलं चालत नाही, वाळलेलं चालत नाही, पिवळं पडलेलं तर नाहीच नाही. नुसतं गप उभं राहिलेलं हवं. असल्या टाक्या घासताना तिला भांडी घासल्यासारखं वाटायचं. मखमलाबादला तिच्या बापाची, भिमाजीची, हयात शेवंती-झेंडूच्या वाफ्यांत गेली होती. पोरांच्या पायाखाली रोप आलं तर पाठीत धपाटा बसायचा. त्या घरची पोर प्लास्टिकचं कमळ ब्रशने घासते, हे बापाला सांगायची तिची अजून छाती झाली नव्हती.

ही बाविसावी टाकी तिची होती. म्हणजे डॉक्टरांचीच, पण हट्ट तिचा. तीन महिन्यांपूर्वी तिने डॉक्टरांच्या मागे लागून यात खरी झाडं लावली होती. मुख्य रोटाला, बारीक दांड्याची, वाढली की शेंडे लाल होतात म्हणे. लाल कुठले, दांड्या काळ्या पडून गळत होत्या.

तिने हात बाहेर काढला आणि भिंतीकडे बोट केलं. "डॉक्टरसाहेब, ते पोस्टर तुम्हीच लावलंय ना? 'खरा दात वाचवणं हे आमचं पहिलं काम.'"

"हो. मग?"

"मग रूट कॅनाल न करता एकदम कवळी कशी काय बसवताय?"

बाकावर गाल धरून बसलेला एक माणूस खो खो हसला आणि लगेच कळवळला. डॉक्टरांनाही हसू दाबता आलं नाही.

"संक्रांतीपर्यंत," ते म्हणाले. "तोवर झाडं जगली तर जगली. नाहीतर प्लास्टिक. आणि ऐका, तो माशांचा दुकानवाला टाकीला गॅसचा सिलिंडर लावा म्हणत होता. माझ्या पेशंटच्या बाकाशेजारी सिलिंडर मला नको."

काउंटरवर अरफा बसायची. नंबर लावणं, फोन घेणं, दवाखाना उघडणं आणि बंद करणं, सगळं तिच्याकडे. रजिस्टरमधून मान न उचलता ती म्हणाली, "बघू, संक्रांत कुणावर येते."

सिलिंडर कशाला लागतो, हेच आधी साधनाला कळलं नव्हतं. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड खातात, हे शाळेत पाठ केलेलं. पण पाण्याखालच्या झाडाने काय खायचं? पाण्यात हा गॅस असतोच किती? इतकी वर्षं टाक्या धुऊनही हा प्रश्न आपल्याला पडला नाही, याचा तिला स्वतःवरच राग आला. खत घातलं, माती घातली, दिवा लावला. जेवणाचं ताट वाढलं आणि भाकरीच ठेवली नाही, असा प्रकार.

घरी तिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळे व्हिडिओवाले एकाच सुरात ओरडत होते. बाटली घ्या, साखरपाणी भरा, यीस्ट टाका, झाकणातून नळी काढा आणि टाकीत सोडा. यीस्ट साखर खाणार, गॅस सोडणार, झाडं गॅस खाणार. घरच्या घरी, एकदम सोप्पं!

पंचवटीतल्या तिच्या घरात ओट्यावर प्रयोग झाला. दोन लिटरची बाटली, दीड वाटी साखर आणि गच्च भरून दोन चमचे यीस्ट. खत जरा जास्त घातलं तर पीक जोरात येतं, हे डोक्यात बसलेलं. तासाभरात बाटलीतून फेस उसळला, नळीतून सरसरत गेला आणि बादलीतल्या पाण्यावर पांढरा थर धरला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे धडाधड. तिसऱ्या दिवशी ठप्प. बाटली नुसती उभी, घाणेरड्या वासाची.

तिने ती पिशवीत घातली आणि स्कूटीवरून भद्रकालीला फारुखचाचांच्या बेकरीत गेली. यीस्ट तिथूनच आणलं होतं, तेव्हा जाबही तिथेच विचारायचा.

"चाचा, तुमचं यीस्ट जुनं निघालं."

फारुखचाचा साठीचे. भुवयांपर्यंत मैदा. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "किती टाकलं?"

"दोन चमचे."

"दोन चमचे!" त्यांनी आत काम करणाऱ्या बायकोला हाक मारली. "सकीना, इकडं ये, बघ ही बाई काय करून आली! अगं, एवढ्यात माझी अख्खी परात फुगते. तू या बिचाऱ्या बाटलीत बारात घुसवली. खाऊन खाऊन दोन दिवसांत साखर संपवली त्यांनी, मग काय, आपल्याच घाणीत मेले. जुनं नाही, तुझी घाई वाईट."

"मग किती घालू?"

"चिमूट. आणि आधी कोमट पाण्यात उठवायचं. खमीर झोपलेलं असतं, त्याला एकदम थंड पाण्यात ढकललं तर ते उठेल का? तू उठशील?"

साधना हसली. मग चाचांनीच विचारलं, हे सगळं कशासाठी. तिने सांगितलं. चाचा ऐकता ऐकता थांबले. मागे वळून एक पाव उचलला, मधोमध फाडला आणि आतली जाळी तिच्यासमोर धरली.

"म्हणजे ही हवा? हीच तुझी झाडं खातात?"

"हीच."

"या अल्ला. चाळीस वर्षं मी ती भट्टीत उडवतोय." ते पावाकडे असे बघत राहिले, जसं काही तो त्यांनी पहिल्यांदाच भाजला होता. "आणि खाली जे उरतं, त्याला दारूचा वास येतो ना? घाबरू नको, खमीर तेच करतं. माझ्याकडे भट्टीत उडून जातं, तू मोरीत ओत. नवऱ्याच्या हाती लागू देऊ नको, बस."

"आणि थंडीत?"

"थंडीत आम्ही पीठ गोधडीत गुंडाळतो. तुझी बाटली थंडीने कुडकुडली तर ती काय फुंकणार!"

डिसेंबरच्या मध्यावर दवाखान्यात टाकीमागे बाटली उभी राहिली. भाच्याचा जुना निळा स्वेटर घातलेली, बाह्या पाठीमागे बांधलेल्या. झाकणातून निघालेली नळी आधी पाण्याच्या एका छोट्या बाटलीत, म्हणजे फेस आला तर तिथेच अडेल आणि बुडबुडेही मोजता येतील. तिथून दुसरी नळी टाकीतल्या फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी, म्हणजे आतला पंखा बुडबुडे बारीक करून पाण्यात कालवेल.

"हे कोण नवीन पेशंट?" अरफाने स्वेटर बघून विचारलं.

"याचे दात चांगले आहेत. नुसती साखर खातो."

"मग होतील खराब."

नाशकातला थंडीचा कडाका. स्वेटर घालूनही बाटली आळसावलेलीच, चार-पाच सेकंदांना एक बुडबुडा. पण बंद पडली नाही. आठवड्याने रोटालाच्या काळ्या दांड्यांना पोपटी फुटवे दिसले. दुसऱ्या आठवड्यात शेंडे गुलाबी झाले. साधना बुधवारची वाट बघेनाशी झाली. कुठल्या तरी टाकीला जाता येता दोन मिनिटं डोकावून जायची, काचेला नाक लावायची आणि अरफाला काच पुन्हा पुसावी लागायची.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला अरफाचाच फोन आला. "ताई, तुमच्या झाडांना काहीतरी झालंय. या लवकर."

साधना धापा टाकत पोचली. टाकीपुढे अरफा, दोन पेशंट आणि हातात आरसा घेतलेले, मास्क हनुवटीवर ओढलेले डॉक्टर. आतल्या प्रत्येक पानाच्या कडेला बारीक चांदीचे मणी लागले होते. एक मणी फुगायचा, सुटायचा, वर जायचा. मागून दुसरा.

"रोग आहे का?" अरफाने विचारलं.

"रोग नाही गं. पोट भरलंय त्यांचं. गॅस खाल्ला, आता ऑक्सिजन टाकताहेत."

"खरंच झाडांतून निघतोय?" डॉक्टर खाली वाकले. माणसांच्या तोंडात डोकावायची सवय, त्यामुळे ते पानांच्याही मागच्या बाजूने बघत होते. "रोज होतं हे?"

"होईल. बघाच तुम्ही."

आता साधनाला हाव सुटली. बाटली संपत आली होती, तर तिने तिथल्या तिथे नवी भरली. चिमटीऐवजी जरा सैल हाताने यीस्ट टाकलं. फिल्टरचं पाणी वरून पडायचं आणि त्या खळखळाटात गॅस उडून जायचा, म्हणून त्याचं तोंड वळवून पाण्याखाली केलं. संक्रांतीला आणखी दहा-अकरा दिवस. तोवर टाकी अशी करायची की डॉक्टरांनी प्लास्टिकचं नाव काढू नये.

सोमवारी सकाळी साडेनऊला पुन्हा अरफाचा फोन. या वेळी आवाज वेगळा. "मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. दोन तर... या."

निळ्या रेघेच्या अकरा निऑन माशांपैकी दोन तळाशी आडवे पडले होते. बाकीचे नऊ पाण्याच्या कातडीला चिकटून ओठ हलवत होते. साधनाने आधी नळी उपटली. मग मगाने पाणी उचलून उंचावरून ओतायला लागली, धो धो, फरशी भिजली तरी. फिल्टरचं तोंड वर केलं. बाल्द्यांनी अर्धं पाणी बदललं. अरफा न सांगता बाल्द्या भरून देत होती. अर्ध्या तासाने मासे एकेक करून खाली उतरले.

डॉक्टर मागे उभे होते. "काय झालं?"

या धंद्यात याला तयार उत्तर असतं. नळाचं पाणी खराब आलं. क्लोरीन जास्त पडला. सगळे हेच सांगतात आणि समोरचाही मान डोलावतो, कारण नळाला काही तोंड नसतं. साधनाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"मासे मी मारले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला. "मी प्लास्टिकची ऑर्डर देतो. लहान मुलं येतात इथे. त्यांच्यासमोर हे नको."

"द्या. पण दोन मिनिटं मला विचार करू द्या. कळायला तर हवं." ती अरफाकडे वळली. "शनिवारी दवाखाना कितीला बंद केलास?"

"दीडला. नेहमीसारखा."

"टाकीचा दिवा?"

"सगळेच दिवे. फक्त फिल्टरचं बटण चालू ठेवते, तुम्हीच सांगितलंय."

"आणि उघडलास आज."

"रविवारी बंद असतो ना!"

साधना ओल्या फरशीवर तशीच बसली. शनिवारी दीडपासून सोमवारी साडेनऊपर्यंत अंधार. अंधारात झाडं गॅस खात नाहीत, उलट तीही आपल्यासारखी श्वास घेतात. पण यीस्टला दिवस कळत नाही, रविवार कळत नाही. ते फुंकत राहिलं, गॅस पाण्यात साठत गेला. चव्वेचाळीस तास. आधीच्या रविवारी बाटली थंडीने मंद होती आणि फिल्टरचं पाणी वरून पडत होतं, म्हणून निभावलं. या वेळी तिनेच बाटली ताजी भरली आणि तिनेच वरचं दार बंद केलं. व्हिडिओवाल्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. कसे सांगतील? घरच्या टाकीचा दिवा कुणीतरी रोज लावतं. त्यांच्या घराला दर रविवारी कुलूप लागत नाही. पण शिव्या त्यांना घालून उपयोग नव्हता. कुलूप तिला माहीत होतं.

तिने हे सगळं मोठ्याने सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, मोबाइल हातात तसाच.

"मग उपाय?"

"दिवा मालवला की नळी बाहेर. रोज. शनिवारी तर नक्कीच. आणि फिल्टरचं पाणी वरूनच पडू द्यायचं."

"आणि नळी काढणार कोण?"

दोघांनी अरफाकडे बघितलं.

"माझ्याकडे नका बघू," अरफा म्हणाली. "मी कुलूप लावते आणि पळत वडाळा नाक्याची रिक्षा पकडते. माझ्या कामात मासे नाहीत."

ते खरंच होतं. साधनाने दोन मेलेले मासे कागदात गुंडाळले आणि बाटलीचा स्वेटर सोडायला लागली.

"थांबा ना," अरफा वैतागून म्हणाली. "नुसती नळीच काढायची? गाठ मारून बंद करायची का?"

"अजिबात नाही! बंद केलीस तर बाटली फुटेल. बाहेर काढून उंचावर मोकळी लटकवायची."

"मग सकाळी परत घालायची."

"दिवा लावल्यावर."

"एवढंच ना? आधी सांगायचं. स्वेटर कशाला काढताय त्याचा?"

डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला. "हा एक रविवार बघू," म्हणाले आणि आत गेले.

तो आठवडा साधनाला खायला उठला. शनिवारी दीडला तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. विचारलं तर अरफाचा अपमान, न विचारलं तर जीव टांगणीला. एक पंचेचाळीसला मेसेज आला. फोटो. खिडकीच्या गजाला उंच लटकलेली नळी, तोंड मोकळं.

सोमवारी नऊपासून ती दवाखान्यासमोर स्कूटीवर बसून होती. अरफा आली, तिला बघून भुवई उंचावली. "भरवसा नाही वाटतं?"

"माझ्यावर नाही."

शटर वर गेलं. दिवा लागला. पाण्यावर कुणी नव्हतं. साधनाने तळाशी कुणी आडवं पडलंय का ते शोधलं. मग अरफाने काचेवर बोट ठेवलं. लाल शेंड्यांच्या झुडपात, अगदी खाली, निळ्या रेघा सरकत होत्या. नऊच्या नऊ.

डॉक्टर आले तेव्हा दोघी तशाच वाकलेल्या होत्या. तेही वाकले.

"परवा संक्रांत," साधना म्हणाली.

"माहितीय. पण अरफा रजेवर गेली तर?"

"तर मी येईन."

"कुलूप असेल ना."

डॉक्टर सरळ झाले, मास्क वर ओढला आणि आत जाता जाता म्हणाले, "अरफा, दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये आहे. ताईंना देऊन टाक."