एकाच तापाने गेलेले बाप

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. विद्यापीठासमोरच्या इंटरनेटच्या दुकानात माझा सगळा जन्म गेला. नवा होतो तेव्हा दुकानदार मला रोज फडक्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकं ‘काय मऊ चालतो’ म्हणून कौतुक करायची. आता माझ्या फटींत बिस्किटांचा चुरा आहे, कुरतडलेली नखं आहेत, कुणाचा तरी शेंबूडसुद्धा आहे. शी! पण खरी किळस मला त्याची येत नाही.

दरवर्षी विद्यापीठाच्या ऑनर्सच्या प्रवेशाचे दिवस येतात. हुशार मुलांसाठीचा, फी परवडेल असा तेवढा एकच अभ्यासक्रम, म्हणून झुंबड उडते. अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लागतो. आमचा दुकानदार तो तयारच विकतो. त्यात वडील तापाने वारतात, आई धुणीभांडी करते. नाव बदललं की झालं. माझ्या कळांखाली असे कितीतरी बाप मेले, सगळे एकाच तापाने! आणि पोरं दारात उभी राहून त्याच बापाला फोन करतात, ‘बाबा, न्यायला या.’ मला अगदी ओकारी येते.

यंदा एक मुलगी आली. सोबत तिचे वडील, शिंपी, गळ्यात मोजपट्टी तशीच. ऑनर्सला जागा मिळाली नाही तर शिक्षण सोडून तिला कपड्यांच्या कारखान्यात जावं लागणार होतं.

दुकानदाराने निबंध उघडून दिला. ‘फक्त नाव टाक. रडवल्याशिवाय कुणी घेत नाही गं.’

वडिलांनी पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि म्हणाले, ‘राहू दे पोरी. तुला जागा मिळत असेल तर मेलो म्हणून लिही. माझं काय जातंय?’

मुलीने खोडायची कळ दाबली ती दाबूनच धरली. कळ दुखून आली, पण इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मग तिने स्वतः लिहिलं. सपाट कापडातून गोल खांद्यावर चपखल बसणारी बाही बाबा कशी कापतात, हे कोडं तिला लहानपणापासून पडलं होतं. म्हणून तिला गणित शिकायचं होतं.

‘बाहीवर कोण जागा देतं?’ दुकानदार फिस्सकन हसला.

अर्ज केलेल्या मुलांना मुलाखतीचं बोलावणं आलं. आई-वडिलांना घेऊन या, असं त्यात होतं. झाली की पळापळ! एक मुलगा माझ्यासमोरच बापाला पढवत होता, ‘तिथे मला पुतण्या म्हणा हं, बाबा. चुकू नका.’ आणि बाप मान डोलवत होता. मला त्या मुलाच्या बोटांचा स्पर्श नकोसा झाला.

निकाल पाहायला शिंपी आणि त्याची मुलगी इथेच आली. यादीत तिचं नाव होतं. मुलाखतीसाठी शिवलेला नवा सदरा शिंप्याच्या अंगावर होता. सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा, चुरा झटकत जा. आणि लिहायला बसाल तेव्हा बाप जिवंत असेल, तर त्याला जिवंत राहू द्या.