हुकाच्या पोटातले पट्टे

मेलेल्या माणसावर खापर फोडणं सगळ्यांत सोपं. तो उलटून बोलत नाही. साखर कारखान्यातल्या क्रेनचा हूक तुटला, उसाचा भारा कोसळला आणि क्रेनवाला शांतवन त्याखाली गेला. चौकशीवाल्या साहेबांनी चहा थंड व्हायच्या आत निकाल दिला: यानंच पेलवेल त्यापेक्षा जास्त वजन उचललं.

फिलिप त्याचा चुलतभाऊ, नगरला तंत्रशाळेत शिकवणारा. दादा असं करणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. त्यात शांतवनची बायको मरिया एकच सांगायची. "भावजी, रोज दिवेलागणीला दाराची साखळी वाजती. ह्ये दारात उभं ऱ्हात्यात. आत येत न्हाईत." फिलिप असलं काही मानत नसे. तरी तिच्या घरून तो उजेड असतानाच निघायचा.

त्यानं हुकाचे तुटके तुकडे मागून आणले आणि पारदर्शक रेझिनचा तसाच छोटा हूक घडवला. ओरखडा न् ओरखडा त्यात उतरवला. मग क्रेनला नेमून दिलेल्या वजनाच्या प्रमाणात भार टांगून तो ओळखीच्या बेकरीच्या भट्टीत ठेवला. रविवारी पाव भाजत नाहीत, भट्टी सावकाश निवते. असा तापवून निववला की भार काढला तरी ताण आत गोठून राहतो. दोन खास काचांमध्ये धरला की त्याचे रंगीत पट्टे दिसतात. जिथे पट्ट्यांची दाटी, तिथे ताण जास्त.

सोमवारी दुपारी शाळेची खोली अंधारून त्यानं दिवा लावला. मरियाला मुद्दाम बोलावलं होतं. हुकावर आता काहीच टांगलेलं नव्हतं, तरी पट्टे होते. अंगभर विरळ.

"बघा वहिनी, एवढं वजन हूक सहज पेलत होता. दादा चुकला नव्हता."

मरियानं डोळे पुसले. मग वाकून बोट दाखवलं. "हितं का गर्दी हाय?"

हुकाच्या पोटाशी, वाकणावर, पट्टे एकमेकांवर चढले होते. फिलिपनं भिंग लावलं. एका तुकड्यावर अर्धा ओरखडा होता, दुसऱ्यावर अर्धा. पडताना घासले असतील असं समजून त्यानं ते जसेच्या तसे उतरवले होते. हूक सबंध झाला तसा त्यांचा छिन्नीनं खोदलेला क्रूस झाला होता. खरा हूक तिथूनच तुटला होता.

मरियानं बोट मागे घेतलं. "हंगामाच्या मोळीपूजेला समद्यांनी हुकाला कुंकू लावलं. मी ह्यांना म्हनले, आपली बी खूण करा, देव राखंल. त्ये नको म्हनत हुते. मीच लई मागं लागले."

खरं शोधायच्या नादात ते कुणाच्या पदरात पडेल, याचा विचार फिलिपनं केलाच नव्हता. त्याला स्वतःचा राग आला.

"वहिनी, भाराशिवाय परत भट्टीत घातला की पट्टे जातात. कुणाला कळणार नाही."

"आन् ह्यांच्यावरचा आळ?"

फिलिपनं खिडकी उघडली. तिनं हूक काचांमधून काढून पदरानं पुसला. साध्या उजेडात त्यात काहीच दिसत नव्हतं.

"सायबांना दावा. खुणेसकट," ती म्हणाली आणि हूक त्याच्या हातात दिला. "भावजी, त्ये दारातच का थांबत्यात, आज कळलं. आत आले असते, तर माझ्या तोंडावर त्यांना त्या खुणेचं सांगावं लागलं असतं."